फुलावरची मुरुडशेंग

जिंतूरच्या बसस्टँडवर ईश्वरी बसची वाट बघत होती. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं वाद घालत होतं. म्हाताऱ्याच्या हातात तांबड्या फुलांची एक फांदी होती.

“ही मुरुडशेंगच हाय, चन्नबसम्मा. पान बघ, कसं खरबरीत हाय.”

“मग शेंग कुठं हाय?”

“आत्ता फुलं हायेत. शेंगा दिवाळीनंतर येत्यात.”

“पोटात मुरडा आत्ता उठायलाय. तवर त्याला काय सांगू?”

“तू डाक्टरकडं येईनास, म्हणून तर डोंगर चढलो.”

“गुडघे दुखत असताना?”

“लय दुखायलेत.”

ईश्वरीला वाटलं, आता म्हातारी चिडणार.

“चला डाक्टरकडं.”

“पोट दाखवायला?”

“न्हाई. तुमचे गुडघे.”