मिटलेला कातळ

मंडळी, आज आधी तुम्हाला एक विचारतो. नेम मोठा, की ज्याच्यासाठी नेम केला ते मोठं?

काय हो पुढच्या रांगेतले काका, मान हलवताय — कुठल्या बाजूनं? दोन्ही बाजूंनी! वा! घरातही असंच चालत असणार, काकू हसताहेत बघा!

थांबा, घाईनं उत्तर देऊ नका. मीही आयुष्याची तीस वर्षं चुकीचं उत्तर देत होतो. बरोबर उत्तर मला कुठल्या पोथीत नाही मिळालं, मंडळी. ते मिळालं माझ्या आजोळी, खारबांदला. खाडीच्या तोंडाशी शंभर-सव्वाशे घरं, सगळी मासेमारी करणारी. आणि गावासमोर खाडीत एक भला मोठा काळा कातळ. भरतीला पाण्याखाली, ओहोटीला उघडा. त्या कातळावर काय होतं? कालवं! अंगभर कालवं!

बुवा, कीर्तनात कालवं? अहो, गळ्यात माळ आली ती पस्तिसाव्या वर्षी! त्याच्या आधीचं काय विचारता! दसऱ्याच्या दुपारी त्या गावात कुठल्याही दारासमोरून गेलात तरी पाय जागचे हलायचे नाहीत. ओल्या खोबऱ्याचं वाटप, तिरफळ आणि त्यात ती कालवं... जाऊ दे. पखवाजवाले, तुम्ही आवंढा गिळू नका, आवाज माईकमध्ये येतो!

तर त्या कातळाचा एक नेम होता. ज्येष्ठ लागला की कातळ मिटला. मिटला म्हणजे? बंद! कुणी लोखंड लावायचं नाही, पाऊलसुद्धा टाकायचं नाही. का? तर कालवं वाढायचे ते दिवस. दसऱ्याला गावातली सगळ्यांत वडील बाई गावदेवी पावणाईच्या देवळात जाणार, नारळ ठेवणार, मग ओहोटीला कातळावर जाऊन टोच्यानं, म्हणजे टोकदार लोखंडानं, पहिलं कालव फोडणार. तिच्यामागे सगळ्या बाया रांगेत, साडीचा काष्टा मारून, डोक्यावर टोपल्या! मी किती वेळा बघितलंय ते! हसणं, चिडवणं, एकमेकींच्या सासवांच्या नकला... आणि आणखी एक. कालव खाल्लं की शिंपला फेकायचा नाही. टोपलीभर शिंपले परत खाडीत. म्हणजे त्यावर नवी पिल्लं धरतात. खाडीचं खाडीला! आजही आठवलं की वाटतं, किती शहाणी माणसं होती!

मी सांगतोय त्या काळी वडील बाई होती गिरजाकाकी तांडेल. ताठ कणा, खणखणीत आवाज. ती रस्त्यानं निघाली की बाप्ये विडी पाठीमागे धरायचे! आणि तिची सून इंदू. पलीकडच्या तीरावरच्या गावची. मऊ स्वभावाची पोर.

एकदा काय झालं? इंदूला दिवस गेले. श्रावण. आणि डोहाळे लागले — कशाचे? कालवांचे! कातळ मिटलेला! तरी नवऱ्यानं गुपचूप दोन कालवं आणून दिली. दोनच, मंडळी! पण वास लपतो का? काकीला कळलं. आणि काकीनं काय केलं असेल? पोटुशी सून — तिला भरल्या देवळात उभं केलं, हात जोडून गावाची माफी मागायला लावली!

गाव म्हणालं, वा, काकी! स्वतःच्या सुनेलासुद्धा सोडलं नाही! मीही म्हणालो, वा! तुम्हीही म्हटलं असतंत.

त्यानंतर इंदू कधीच फारसं काही बोलली नाही.

सात वर्षं गेली. एका वादळात एक मोडका मालवाहू बार्ज वाहत आला आणि खाडीच्या तोंडाशी रुतून बसला. कुणाचा, कुठला, पत्ता नाही. त्याच्या बुडाला चिकटलेले होते नखाएवढे काळे शिंपले. खायला मांस नाही, विकायला भाव नाही. पण वाढ? अहो, आज मूठभर, तर महिन्यानं पोतंभर! होड्यांना चिकटले, जाळ्यांच्या दोऱ्यांना चिकटले. भाद्रपदात कॉलेजच्या एक बाई तपासायला आल्या. देवळात सभा भरली. बाई म्हणाल्या, "हा शिंपला आपल्याकडचा नाही. कालवांवर बसतो, त्यांना तोंड उघडू देत नाही, कालवं गुदमरून मरतात. कातळावर आला असेल तर आज, उद्या खरवडा. दसऱ्यापर्यंत थांबलात तर काही उरणार नाही. कुणी बघितलाय का कातळ?"

कोण बघणार? मिटलेला होता ना!

काकी म्हणाली, "आमचो कातळ मिटलेलो आसा. दसऱ्याक बगू."

आणि मंडळी, मागून, अगदी भिंतीकडून आवाज आला — "आये, आसा थय. मी बगलंय."

इंदू! सगळ्या माना मागे वळल्या. काकीनं विचारलं, "कदी बगलंस?"

"आषाढात."

"कातळ मिटल्यार?"

"होय."

त्याच देवळात, मंडळी! त्याच सासूसमोर! पुन्हा गुन्हा कबूल करायला काय छाती लागत असेल? मला वाटलं, आता काकी हिला जाळते.

काकी उठली. घरी गेली, टोचा घेऊन परत आली, तो पावणाईसमोर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आये पावणाय, नेम तुझो. मोडतंय मी. दोष लावचो तर माका लाव, ह्या बायकांक नको." मग सुनेकडे वळली. "चल गो. खय बगलंस ता दाखव."

ओहोटी लागलेलीच होती. सगळा गाव कातळावर! आणि काय दिसलं? पश्चिमेची अर्धी बाजू काळ्या शिंपल्यांनी भरून गेलेली. खाली कालवं होती, पण मेलेली. बायांनी टोचे चालवले. बोटं फाटली, मीठपाणी झोंबतंय, तरी कुणी थांबेना. आणि पहिली टोपली भरली तशी एका म्हातारीनं ती नेली आणि — ओतली परत खाडीत! जन्माची सवय हो, खाडीचं खाडीला! दुसरीनं ओतली, तिसरीनं ओतली! कॉलेजच्या बाई किंचाळल्या, "अहो, जिवंत आहेत ते!" तेव्हा कुठे टोपल्या वर जायला लागल्या, चुन्याच्या भट्टीत.

पाणी चढायला लागलं तशी काकी सुनेशेजारी टेकली. मी दोन हातांच्या अंतरावर टोपली धरून उभा होतो, म्हणून हे ऐकलं. काकी म्हणाली, "आषाढात बगलंस. मगे माका सांगूक कित्या नाय?"

इंदूनं वर बघितलं. रागानं नाही हो. नुसतं बघितलं. म्हणाली, "सांगलां असतां तर तुमी पयलां काय विचारलां असतां? कातळाक काय झालां, की तू थय कित्या गेलंस?"

काकी म्हणाली, "तू थय कित्या गेलंस. ह्याच विचारलां असतां." खोटं नाही बोलली. बाई खरी होती. मग हळूच विचारलं, "आनी... कित्या गेल्लंस गो?"

इंदूनं पलीकडच्या तीराकडे हात केला. "हयसून माझ्या आवशीचे माड दिसतत."

सात वर्षांच्या वर एका घरात राहिल्या, मंडळी! एका चुलीवर रांधलं! आणि सुनेला माहेरची आठवण येते, ती त्या कातळाच्या टोकावर उभी राहून चार माड बघते, हे सासूला त्या दिवशी कळलं. काकी तिथंच रडली. भरतीचं पाणी पायाला लागलं तरी उठेना, दोघी बायांनी धरून उठवलं.

कातळाची पूर्वेची बाजू वाचली. तीन वर्षं बाया दर ओहोटीला खरवडत राहिल्या, तेव्हा वाचली. पश्चिमेची गेली ती गेली. आज तिथं कालव नाही. मी आजोळी जातो तेव्हा त्या उघड्या दगडावर बसतो, आणि मला ती रांग दिसते, टोपल्या दिसतात, ते हसणं ऐकू येतं. फार आतून वाईट वाटतं हो. आषाढ ते भाद्रपद. दोन महिने. तेवढ्यात अर्धा कातळ गेला.

काळ्या शिंपल्यानं खाल्ला? हो, शिंपल्यानं खाल्ला. पण त्याला दोन महिने दिले कुणी? नेम वाईट होता का? मुळीच नाही! त्याच नेमानं तो कातळ पिढ्यान्‌पिढ्या जपला. नेमाचा धाक एवढा झाला की जिनं बघितलं, तिला सांगता आलं नाही. इतकंच झालं.

आता माझ्याकडे नका बघू, एकमेकांकडे बघा. तुमच्या घरात कोण गप्प आहे? सून? म्हातारा बाप? कॉलेजातून आलेली पोर, जी हल्ली जेवून सरळ खोलीत जाते? तिनं काहीतरी बघितलंय, मंडळी. सांगत नाही, कारण तुमचा पहिला प्रश्न तिला ठाऊक आहे.

इथून घरी जाल, तर तिच्याजवळ बसा. तू तिथं का गेलीस, हे नंतर विचारा. आधी विचारा, बाळ, काय बघितलंस?