नांगर न लागलेलं वावर

लेकीचं बाळंतपण उरकून कोकिळाबाई शेगावहून सोनाळ्याच्या एसटीत बसली. गावात ढगफुटी झाल्याचं कळल्यापासून तिचा जीव वावरात अडकला होता. मागच्या सीटवर दोघं बोलत होते.

"नाल्याकडचे वावरं पार खरडून गेले बे."

"सगळेच?"

"एक वाचलं. त्या बाईनं यंदा नांगरच नाही घातला. कपाशीची पऱ्हाटी वरून कापली, मुळं जमिनीतच ठेवली अन् तिथंच सोयाबीन अन् तुरीचं बी टोबलं."

"काऊन?"

"म्हणे मुळं माती धरून ठेवतात. आम्ही तं आळशी म्हणून हासलो तिले."

"अन् आता?"

"आता तिचं सोयाबीन डोलून राह्यलं, अन् आमच्या वावरात गोटे."

"कोण बे ते बाई?"

"आहे आमच्या गावची एक येडी. कोकिळाबाई."

डोक्यावरचा पदर सारत कोकिळाबाई मागं वळली.

"भाऊ, अन् त्या येडीची तूर?"