पाय ब्रेकवरच होता

...आणि वर मलाच विचारतात, ‘पाय होता का ब्रेकवर?’ अहो, होता! ब्रेकवरच होता! तुम्हाला सांगतो, महिना होऊन गेला, घरात, दुकानात, जिन्यात, जो भेटेल तो हेच विचारतोय, जसा काही मी त्या उतारावर गाडीवर मांडी घालून बसलो होतो! आणि विचारतात कोणाला? मला! चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतो मी. दिवसभर माझं काम काय, तर ‘हे दिसतंय का? आता? आधीचं बरं की हे बरं?’ भिंतीवरच्या शेवटच्या ओळीतलं बारीक अक्षरसुद्धा मी कोणाला सोडू देत नाही, आणि मी ब्रेक दाबायला विसरेन? मी?

झालं असं, रविवारची सकाळ होती. आमचे सासरे म्हणाले, ‘‘जावईबापू, ते भिंतीवरचं घड्याळ घड्याळजीकडे टाकून येऊ.’’ बारा वर्षं बंद असलेलं घड्याळ, त्याला त्याच रविवारी दुरुस्त व्हायचं होतं! आता सासरे म्हणजे कोण, ते तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्याकडेच असतात. चौतीस वर्षं एका कचेरीत दप्तर सांभाळलं त्यांनी. कागद आला की त्यावर ‘प्राप्त’ असा शिक्का, तारीख, लाल शाईनं शेरा आणि फाइल. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण शिक्का सुटला नाही. विजेचं बिल आलं, शिक्का. शाळेची नोटीस आली, शिक्का. माझ्या मुलीनं आजोबांच्या वाढदिवसाला चित्र काढून दिलं, बिचारीनं आजोबा काढले होते, हातात फुगा वगैरे... त्यावर ‘प्राप्त’! आजोबांच्या तोंडावरच!

तर मी पुढे, सासरे मागे, त्यांच्या मांडीवर घड्याळ. उतार लागला. खाली वळणावर एक रोपवाटिका आहे, बाहेर फुटपाथवर कुंड्याच कुंड्या. मी पाय दाबला... आणि पाय गेला की खाली! म्हणजे दाबला गेला असं नाही, नुसता खाली लोंबला. खाली काही नाहीच! आता तुम्ही म्हणाल, हाताचा ब्रेक? दाबला ना, हाताचाही दाबला, म्हणून तर तुमच्यासमोर उभा आहे! पण दोन माणसं, एक घड्याळ आणि तो उतार, एकट्या हाताच्या ब्रेकनं थांबणार कुठून? गेलो सरळ कुंड्यांत. आणि गंमत बघा, पडून आम्हाला काही झालं नाही. गाडी आडवी, मी मातीत, सासरे मोगऱ्यात, घड्याळ छातीशी धरलेलं, काच शाबूत. मी म्हटलं, सुटलो! तेवढ्यात वरच्या फळीवरची एक कुंडी, जरा विचार केल्यासारखी थांबली... आणि बरोबर सासऱ्यांच्या पावलावर!

रोपवाटिकावाली बाई धावत आली. ‘‘डोळे कुठे होते?’’ डोळ्यांचं मला विचारते! मला! मी म्हटलं, ‘‘बाई, डोळे जागेवर होते, पाय ब्रेकवरच होता, ब्रेक जागेवर नव्हता.’’ मागून सासरे विव्हळताहेत आणि विव्हळता विव्हळता म्हणताहेत, ‘‘जावईबापू... आई गं... पाय होता का ब्रेकवर?’’ आणि त्यांच्या छातीशी टिक टिक टिक टिक! घड्याळ सुरू झालं होतं. त्या सबंध अपघातात कोणाचं भलं झालं असेल, तर त्या घड्याळाचं.

मग पोलीस ठाणं. तिथल्या साहेबांनी एक छापील फॉर्म पुढे केला. ‘अपघाताचे कारण’ म्हणून खाली तीन चौकोन. भरधाव वेग, बेदरकारपणा, मद्यप्राशन. मी म्हटलं, ‘‘साहेब, ब्रेक तुटला याचा चौकोन कुठाय?’’ ‘‘नाही.’’ ‘‘मग?’’ साहेबांनी चहा ढवळला. ‘‘तीनातला बरा वाटेल तो घ्या.’’ बरा वाटेल तो! आयुष्यभर लोकांना मी हेच विचारतो, हे बरं की ते बरं, पण त्यात निदान एका भिंगातून तरी नीट दिसतं हो! केली बेदरकारपणावर बरोबरची खूण. दुसरं करणार काय?

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं मात्र खरं सांगितलं. गाडीखाली झोपला, बाहेर आला आणि करंगळीएवढी एक लोखंडी पिन तळहातावर ठेवली, मधोमध तुटलेली. ‘‘पॅडल हिच्यावर असतं भाऊ. ही तुटली, म्हणजे पायाखाली काही नाही.’’ मी त्याला मिठीच मारणार होतो, ऑइलमुळे राहिलं. ती पिन मी चष्म्याच्या डबीत ठेवली, मऊ कापडात गुंडाळून. येणाऱ्याजाणाऱ्याला डबी उघडून दाखवतोय, ‘‘बघा! ही बघा!’’ लोक बघतात. ‘‘अरेरे,’’ म्हणतात. आणि मग विचारतात, ‘‘पण पाय होता ना ब्रेकवर?’’

आणि घरी काय, तर सासरे प्लास्टरमध्ये. पाय उशीवर, समोर ते घड्याळ टिक टिक करतंय, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सगळी हकीकत पहिल्यापासून. मी पाण्याचा ग्लास घेऊन उभा. ‘‘माझं काही नाही हो, माझं वय झालं. पण जावईबापूंनी जरा लक्ष द्यायला हवं होतं. पाय नव्हता ब्रेकवर.’’ मी पिन काढली की बायको डोळे वटारते. ‘‘अहो, ठेवा ती डबी! बाबांचा पाय मोडलाय आणि तुम्ही खिळे काय दाखवत बसलाय?’’ खिळा म्हणते! सांगतो तुम्हाला, मला कोणाकडून काही नको होतं. भरपाई नको, नवी गाडी नको. एक कागद हवा होता. त्यावर एकच ओळ, ‘या माणसाचा पाय ब्रेकवर होता.’ एवढंच! तो कागद घरी आणायचा आणि सासऱ्यांना म्हणायचं, घ्या, मारा शिक्का!

आणि तीन आठवड्यांनी, काय सांगू, देवच आला दुकानात. गिऱ्हाइकाच्या रूपात. डोळे तपासता तपासता म्हणतो, ‘‘तुमची गाडी तीच का, कोपऱ्यावर मेकॅनिककडे उभी आहे ती? आमचीही तीच. कंपनीनं परत बोलावल्यात ना सगळ्या. ब्रेकची पिन तुटते म्हणे. तुम्हाला पत्र नाही आलं?’’ मी त्याला तसाच सोडला, एका डोळ्याला भिंग, दुसऱ्याला झाकण, आणि फोन लावला. तिकडे एक बाई, आवाज असा की मध संपतच नाही. ‘‘नमस्कार सर, आपल्या अनुभवाबद्दल ऐकून वाईट वाटलं.’’ ‘‘अनुभव नाही बाई, अपघात!’’ ‘‘हो सर, आपला तो अनुभव. कृपया गाडी चालवू नये आणि सेवा केंद्रात घेऊन यावी.’’ ‘‘चालवायची नाही तर आणू कशी?’’ ‘‘चालवत आणा सर, पण सावकाश.’’ ‘‘ब्रेक नाहीये हो!’’ ‘‘म्हणूनच सावकाश, सर.’’

ढकलत नेली! नऊ किलोमीटर! वाटेत निदान तिसांनी विचारलं, पेट्रोल संपलं का? एकानं तर विचारलं, पाय दुखत नाहीत का? पायाचं नाव काढू नका म्हटलं माझ्यासमोर!

सेवा केंद्रात मॅनेजर. टाय वगैरे. त्यानं संगणकावर बघितलं आणि हसला. ‘‘सर, आपल्याला तर पत्र पाठवलंय. अपघाताच्या एकोणीस दिवस आधी पोचलंय.’’ मी म्हटलं, ‘‘म्हणजे ब्रेक खराब होता, मान्य?’’ ‘‘नाही सर. ब्रेक उत्तम होता. पण तो खराब होऊ शकतो, असं आम्ही आपल्याला कळवलं होतं. कळवूनही आपण चालवलीत, म्हणजे जबाबदारी आपली.’’ ऐकलंत? ब्रेक चांगला, ही त्यांची कर्तबगारी, आणि ब्रेक तुटला, हा माझा हट्ट! मी डबी उघडली. ‘‘मग ही काय आहे?’’ त्यानं पिन उचलली, निरखून बघितली, आणि खणात टाकली. ‘‘थँक यू सर. जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवा देता येत नाही.’’ गेला माझा पुरावा! खणात! आणि पुढे एक कागद, ‘गाडी सुस्थितीत मिळाली,’ इथे सही. मी म्हटलं, ‘‘पण मला पत्र मिळालंच नाही! कोणी घेतलं? दाखवा सही!’’ त्यानं पडदा माझ्याकडे फिरवला.

गोल, टपोरी सही. खाली दोन रेघा, रेघांखाली दोन टिंबं. ती सही मी रोज बघतो. दुधाच्या वहीतसुद्धा असते. सासऱ्यांची.

घरी कसा आलो, विचारू नका. सरळ सासऱ्यांचं कपाट उघडलं. सासरे खाटेवरून, ‘‘काय हवंय? अनुक्रमणिका बघून काढा!’’ ‘गाडी’च्या फाइलमध्ये नाही. ‘महत्त्वाचे’मध्ये नाही. मिळालं कुठे? ‘जाहिराती व इतर’! पत्रावर शिक्का, ‘प्राप्त’, तारीख अपघाताच्या एकोणीस दिवस आधीची, आणि लाल शाईनं, सुवाच्य अक्षरात, ‘पाहिले. कार्यवाहीची आवश्यकता नाही.’

पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं. पाकीट उलटंसुलटं केलं. ‘‘वर लिहिलंय, ‘आमच्या मौल्यवान ग्राहकास’. असली पाकिटं जाहिरातीचीच असतात...’’ म्हणाले. मग, ‘‘पण हरवलं का? जपून ठेवलंय ना? विचारलं असतंत तर दोन मिनिटांत काढून दिलं असतं.’’ आणि मग पत्र परत डोळ्यांजवळ नेलं. चौतीस वर्षांत एक कागद चुकीच्या फाइलला लावला नव्हता या माणसानं, अभिमानानं सांगायचे. तो पहिला.

दुपारी जेवले नाहीत. चहा आला, तसाच थंड झाला. बायको दारात येऊन हळूच म्हणाली, ‘‘अहो, बाबा सारखा तो लाल शेराच वाचताहेत.’’ मी डोकावून बघितलं. पाय उशीवर, पत्र छातीवर, आणि ते घड्याळ आपलं टिक टिक टिक. आता तुम्ही सांगा, काय करायचं? महिनाभर ज्या कागदासाठी तडफडलो तो हातात आला, आणि आता त्याच्याकडे बघवेना. आणि खरं सांगू का? तुम्हाला म्हणून सांगतो, घरात बोलू नका. पत्र माझ्या हातात पडलं असतं ना, तर मीसुद्धा उघडलं नसतं. मौल्यवान ग्राहक म्हटलं की मीही सरळ कचऱ्यात टाकतो. त्यांनी निदान फाइलला तरी लावलं.

गेलो आत. बायकोदेखत म्हटलं, ‘‘बाबा, सोडा ते पत्र. लक्ष मीच द्यायला हवं होतं. चूक माझीच.’’

सासऱ्यांनी मान वर केली. चेहरा असा खुलला, काय सांगू! ‘‘बघ!’’ बायकोला म्हणाले, ‘‘मी महिनाभर काय सांगतोय? पाय नव्हता ब्रेकवर!’’ आणि चहा गरम करून मागितला.

असो. परवा प्लास्टर निघालं. गाडीही आली, नवी पिन घालून. काल सासरे म्हणाले, घड्याळ रोज चार मिनिटं पुढे जातंय, घड्याळजीकडे नेऊ. तोच उतार, तीच कुंड्यांची रांग. रोपवाटिकावाली बाई आम्हाला बघून आधीच आत पळाली. वळणावर समोर एक मांजर आलं, मी पाय दाबला, आणि गाडी काय थांबली हो! जागच्या जागी! खिळल्यासारखी! मला तर रडूच यायचं बाकी होतं. म्हटलं, आज बघितलं सगळ्या जगानं, पाय ब्रेकवर होता! एवढ्यात मागून सासरे सपशेल माझ्या हेल्मेटवर. चष्म्याच्या दोन्ही काचा फुटल्या, आणि घड्याळ पुन्हा बंद.

मी मागे वळलो. सासरे नाक धरून, नुसत्या फ्रेममधून माझ्याकडे बघताहेत.

‘‘जावईबापू,’’ म्हणाले, ‘‘पाय होता का ब्रेकवर?’’

‘‘होता बाबा! ब्रेकवरच होता!’’

‘‘कशाला ठेवला?’’