‘उचलली’ या शब्दाबाबत खुलासा

पुरवणी जबाब. माझे पूर्ण नाव पहिल्या जबाबात आलेले आहे; खोलीत व कामावर मला सगळे बुवा म्हणतात. वय एकोणपन्नास वर्षे. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. धंदा नोकरी, मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करणे. राहणार कामगारांच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळच्या खोलीत. मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो असून सांगतो ते असे.

माझा पहिला जबाब परवा झाला. मी बोललो ते दुभाषी बाईंनी साहेबांना त्यांच्या भाषेत सांगितले व मी सही केली. त्यात एका शब्दाने घोटाळा झाला आणि आमच्या खोलीतला रंगारी चोरीच्या संशयावरून अटकेत आहे. म्हणून या वेळी साहेबांनी मला कोरे कागद दिले व माझ्याच भाषेत, माझ्या हाताने लिहायला सांगितले.

खोलीत आम्ही पाच जण. मी, रंगारी, वायरमन आणि दोघे सुतार. सगळे घरी पैसे पाठवतो. त्यातून उरेल ते मागे टाकायचे म्हणून काटकसर करतो. कामावर चालत जातो. एकमेकांचे केस खोलीतच कापतो. सुताराने केस कापले की डोके चौकटीसारखे दिसते असे वायरमन म्हणतो, पण तोही त्याच्याकडूनच कापून घेतो.

खोलीत आम्ही भिशी लावली आहे. पगार झाला की प्रत्येकाने सारखी रक्कम डब्यात टाकायची आणि ज्याची पाळी असेल त्याने ती सगळी न्यायची. पाळी चिठ्ठ्या टाकून ठरते. लेखी काही नसते. डबा माझ्या कपाटात देवाच्या तसबिरीमागे ठेवतात. कपाटाला कुलूप का नाही असे साहेबांनी विचारले. देवामागे ठेवलेल्या वस्तूला कुलूप लागत नाही असे मी सांगितले. वायरमन त्याला ‘बुवांची बँक’ म्हणतो.

पंचनाम्याच्या वेळी ती तसबीर खाली चपलांजवळ ठेवली गेली. साहेब गेल्यावर ती मी उचलली. कशाला हात लावू नका असे सांगितले होते, तरी उचलली. हे लपवायचे नाही म्हणून लिहिले.

या खेपेची चिठ्ठी माझ्या नावाची होती. त्याच सुमारास रंगाऱ्याच्या घरून फोन आला. त्याची आई न्हाणीत घसरून पडली व तिचा खुबा मोडला. आधी पैसे भरा, मग ऑपरेशन करू, असे दवाखान्याने सांगितले आहे. रंगाऱ्याने माझ्याकडे काही मागितले नाही. तो खाटेवर बसून बोटांवरचा रंग खरवडत होता. मी त्याला म्हणालो, “या खेपेची भिशी तू उचल. तुझी पाळी येईल तेव्हा ती मी घेईन.” तो म्हणाला, “बुवा, तुम्हाला गावी जायचंय ना?” मी म्हणालो, “रजा नामंजूर झाली.” तेव्हा तो तयार झाला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी डब्यातले पैसे घेऊन तो बाजारातल्या पैसे पाठवण्याच्या दुकानाकडे गेला. मी खोलीबाहेरच्या बोळात बेसिनपाशी दाढी करत होतो. वायरमन रात्रपाळीवरून आला तो आपला राहिलेला हप्ता टाकायला. डबा रिकामा पाहून तो बोळात येऊन ओरडला, “अरे, भिशी कोणी उचलली?”

मी तोंडाला साबण असताना सांगितले, “रंगाऱ्याने उचलली.”

“त्याची कुठली पाळी? बुवा, तुम्हाला चांगली टोपी घातली त्यानं!”

वायरमन असाच बोलतो. त्याच्या मनात काही नसते. पण इमारतीचा केअरटेकर जिन्यात उभा होता. आमच्या माणसांत राहून त्याला आमची भाषा थोडी येते, म्हणजे सगळ्या शिव्या येतात आणि तक्रारीत येणारे शब्द येतात. त्याने ‘उचलली’ ऐकले आणि पोलिसांना फोन केला. रंगारी दुकानाच्या खिडकीपाशी रांगेत होता. तिथून त्याला पैशांसकट आणले.

पहिल्या जबाबात मला विचारले, पैसे कोणी घेतले. मी सांगितले, रंगाऱ्याने उचलले. पाळी कोणाची होती? माझी. मला वाटले, मी त्याला सोडवतो आहे. खोलीवर येऊन मी सुतारांना सांगितलेसुद्धा, की आता संध्याकाळपर्यंत तो येईल. त्याच्या वाटणीची भाजी झाकून ठेवली होती. तो आला नाही. पैसेही पुरावा म्हणून सील झाले व त्याच्या आईचे ऑपरेशन अडले.

आज मी दुभाषी बाईंना हा शब्द समजावून दिला. त्यांचा जन्म इथलाच आहे, मराठी येते ती घरात आईशी बोलण्यापुरती. त्या म्हणाल्या, “पण काका, उचलली म्हणजे चोरलीच ना? आईचा मोबाईल बसमध्ये कोणी तरी उचलला, तेव्हा आई तेच म्हणाली होती.”

मी म्हणालो, “बाळ, फोन वाजला की तू काय करतेस?”

“उचलते.”

“मूल रडलं की?”

“उचलते.”

“मग भिशीही पाळी आली की उचलतात. त्यात चोरी नाही.”

त्या हसल्या, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाल्या, “सॉरी काका. आमच्या घरी कोणी भिशी लावत नाही. आम्ही तिघंच.” मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी साहेबांना सगळे समजावून सांगितले. साहेब हसले नाहीत, पण शब्द खोडून त्यांनी बाजूला नवा लिहिला.

त्यानंतर साहेबांनी माझ्या कंपनीचा कागद पुढे ठेवला. रंगाऱ्याने आपल्या जबाबात सांगितले आहे, की बुवांची रजा नामंजूर झाली म्हणून त्यांनी पाळी मला दिली. कंपनी लिहून देते, की रजा मंजूर आहे. म्हणजे रंगारी खोटे बोलतो, असे साहेबांचे म्हणणे पडले. त्यांनी त्याला आत आणले. दोन दिवसांत त्याची दाढी वाढली होती. तो मला म्हणाला, “बुवा, सांगा ना साहेबांना. तुमची रजा नामंजूर झाली ना? तुम्हीच म्हणालात ना मला?”

मी कंपनीचा कागद साहेबांकडे परत सरकवला. साहेबांनी त्याला परत बाहेर बाकावर बसवले. ते म्हणाले, कारण कळल्याशिवाय मला त्याला सोडता येणार नाही. धमकी होती का? नव्हती. कर्ज होते का? नव्हते. मग गावी जायला निघालेला माणूस आपली पाळी का सोडतो? हे कारण तोंडी सांगतो, लिहून घेऊ नका, अशी विनंती मी केली. ती मान्य झाली नाही. म्हणून लिहितो.

रजा मंजूर झाली होती. तो कागद मिळाला त्या संध्याकाळी मी घरी फोन केला. बायकोने उचलला. रजेचे सांगितल्यावर ती म्हणाली, “या वर्षी राहू द्या. सूनबाई नवीन आहे, खोल्या दोनच. तुम्ही आलात की सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं. तिकिटाचे पैसेही वाचतील.” ती रागाने बोलली नाही. कुकरची शिटी झाली तेव्हा तिने मला थांबायला सांगितले व गॅस बंद करून आली. मग आम्ही वरच्या मजल्याच्या स्लॅबबद्दल बोललो. मुलगा कामावरून आला नव्हता. बायकोच्या बोलण्यात खोटे काही नाही. मागच्या वेळी गेलो होतो तेव्हा मीच पाहिले आहे. मी खोलीत गेलो की सगळे टीव्हीचा आवाज कमी करायचे.

खोलीत मी हे कोणाला सांगितले नाही. रंगाऱ्याला कळले असते तर त्याने पैसे घेतले नसते, उलट मला समजावत बसला असता. म्हणून रजेचे खोटे बोललो. रंगाऱ्याने साहेबांना सांगितले ते त्याच्या माहितीप्रमाणे खरेच आहे. खोटे माझे होते.

ते पैसे घरी का पाठवले नाहीत, असेही साहेबांनी विचारले. घरी जायचे ते मी पगारातून ठरल्याप्रमाणे पाठवले आहेत. भिशीचे पैसे मी गावी जाण्यासाठी मागे टाकले होते. जाण्याचे पैसे दुसऱ्या कशासाठी म्हणून घरी पाठवायला मन होईना. रंगाऱ्याच्या आईला मी पाहिलेले नाही. फोनवर एकदा तिचा आवाज ऐकला आहे. ती त्याला जेवलास का विचारत होती. याहून जास्त कारण माझ्याजवळ नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. जप्त रक्कम रंगाऱ्याची आहे, ती त्याच्याच हाती द्यावी. जबाब पुरा होऊन सही झाली की त्याला व पैशांना सोडतो असे साहेबांनी कबूल केले आहे. पैसे पाठवण्याचे दुकान संध्याकाळी बंद होते, म्हणून इथेच पुरे करतो.

वाचून दाखवल्यानंतरची भर: दुभाषी बाईंनी वरील मजकुराचा तर्जुमा केला व तो पुन्हा मराठीत मला मोठ्याने वाचून दाखवला. रंगाऱ्याचीही सही लागते म्हणून त्याला आत बोलावून माझ्या शेजारी बसवले होते. ‘या वर्षी राहू द्या’ इथे आल्यावर बाई थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “काका, एवढं मनात वाचू का?” साहेबांनी वर पाहिले. नियम मोठ्याने वाचण्याचा आहे. मी वाचा म्हणालो. त्यांनी ते सगळे वाचले. रंगाऱ्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता, तो त्याने वाचन संपेपर्यंत काढला नाही. मजकुरात कोणताही शब्द चुकलेला नाही. मी सांगितले तसेच आहे.