जाळीचा पाईप

माझं माहेर पेठकडचं, डोंगरातलं, भात-नागलीची कामं आटपली की आईबाप आम्हाला घेऊन नाशिकला द्राक्षाच्या बागेत कामाला यायचे, तिथंच मी मोठी झाले आणि गॅरेजवाल्याच्या घरात पडले. पेठ रोडला आमचं टू-व्हीलरचं गॅरेज हाय. मालक, म्हंजे आमचे हे, बंद पडलेल्या गाड्या आणायला गेले की दुकानात मीच, आधी नुसते पाने द्यायचे, मग पंक्चर, मग ब्रेक. ब्रेकचं काम लय जपून करावं लागतं, काय सांगू तुम्हाला, गाडी पळली नाय तर माणूस येऊन शिव्या देतो, थांबली नाय तर शिव्या द्यायलाही येत नाय.

धाकटा दीर विलास, कंपनीत कामाला, त्याला मोठ्या गाडीचा नाद. त्यानं पुढच्या ब्रेकचा रबरी पाईप काढून स्टीलच्या जाळीचा लावला. चांगला असतो तो, दाबल्यावर फुगत नाय, ब्रेक कडक लागतो. पण आमच्याकडं न आणता त्यानं घरीच बसवला.

माझ्या भाचीचं लग्न होतं पेठला. विलास आणि माझी जाऊ मनीषा त्याच्या गाडीवर पुढं, मी आणि मालक स्कूटरवर मागं. घाट उतरायला लागलो, वळण आलं, विलासच्या गाडीचा लाल दिवा लागला. दिवा लागला पण गाडी काय हळू होईना. विझला, परत लागला, परत लागला, म्हंजे हा नुसता दाबतोय, दाबतोय. मी मालकांचा खांदा धरला, म्हणलं अहो त्याचा ब्रेक गेला, आणि मालकांनी हॉर्न दाबून धरला. समोरून ट्रक वर येत होता. विलासनं गियर पाडले, मागचा ब्रेक धरला, मागचं चाक नाचायला लागलं, आणि त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला गटारीत घातली. दरीकडं नाय घातली, तेवढं सुचलं त्याला, ते मी कधी नाकारत नाय. ट्रक बाजूनं निघून गेला. मनीषाचं उजवं मनगट मोडलं, ती रडत नव्हती, नुसती विचारत होती, काय झालं, काय झालं. विलास म्हणला रस्त्यावर ऑइल सांडलं होतं. मालक मागं जाऊन रस्ता बघून आले, कोरडा होता.

गाडी टेम्पोत घालून दुकानात आणली. जाळी चकचकीत, कुठं ओल नाय, पण हँडलवरच्या डबीतलं ब्रेकऑइल तळाला गेलेलं. मी ऑइल भरलं, हवा काढली, ब्रेक दाबून धरला, कुठं गळत नाय. मग हँडल एका अंगाला पूर्ण फिरवून दाबला, तर वरच्या जोडाशी थेंब आला. सरळ केलं की बंद. विलासनं हँडल उंच बसवलं होतं आणि पाईप जुन्याच मापाचा, मग वळताना ताण बसून जोडाजवळ आतली नळी चिरली, वरनं जाळी जशीच्या तशी. रोज थोडं ऑइल बाहेर, तेवढी हवा आत, आणि हवा दाबली तर नुसती दबते, चाक धरत नाय.

सासूबाई म्हणल्या, मनीषाच्या माहेरचे यायचेत, ऑइलच सांडलं होतं म्हण. पण मनीषा प्लास्टरचा हात घेऊन दुकानात आली, विलास दारात उभा, आणि म्हणली, ताई, खरं सांगा, मला परत यांच्याच मागं बसायचंय. मग मी हँडल फिरवलं, ब्रेक दाबला, तिला थेंब दाखवला. म्हणलं, ऑइल रस्त्यावर नव्हतं, पाईप आखूड होता.

विलास लय दिवस माझ्याशी बोलला नाय. मग एका सकाळी गाडी ढकलत आणली, चावी ठेवली, खाली बघून म्हणला, वहिनी, तुम्हीच लावा. मी जाळीचाच लावला, पण मापाचा, हँडल दोन्हीकडं फिरवून, गाडी पुढून उचलून बघितलं, कुठं ताण नाय, कुठं घासत नाय.

मनीषाचं मनगट अजून पुरतं वळत नाय, पोळ्या लाटताना दुखतं. ती बसते गाडीवर, पण आधी विलासला बाजूला उभं करते, हँडल फिरवून त्याच दुखऱ्या हातानं ब्रेक दाबते, दुसऱ्या हाताचं बोट जोडाला लावून बघते, कोरडं असलं तरच बसते. तो उभा राहतो. राहू दे उभा. दोघं जातात, दोघं घरी येतात, देवानं एवढं चालू ठेवावं.