बटव्याची दुसरी दोरी

आजच्या सभेचे अध्यक्ष सरपंच सत्यजीतराव, व्यासपीठावरची शाळेची आन् पंचायतीची थोर मंडळी, ज्यांच्यासाठी आपण सारी जमलो त्या आपल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर अनुपमाताई, आन् समोर बसलेल्या लेकी-सुना, भाऊ-भावजया, सगळ्यांना गिताबाईचा रामराम. एवढं माझ्या नातीनं, अक्षदानं, लिहून दिलंय. पुढचं माझं हाय. मी दुसरी शिकले, तीबी अर्धी. मेंढरांमागं फिरायचं तर शाळा कुठल्या रानात शोधायची?

मी आज लई खुशीत हाय. काल अक्षदा शाळेच्या मैदानाला तीन फेऱ्या पळली. धाप लागली ती तिच्या मास्तरांना, तिच्यामागं वरडता वरडता. हसा, हसा. मीबी हसले, मग पदरात तोंड घालून रडले.

ताई उद्या बदलीवर केडगावला चालल्या. थांबा म्हणावं, तर तिकडच्या माणसांनी काय श्वास घेऊ नये? म्हणून म्हणत न्हाई. पण त्या गावात हायेत तवर एक गोष्ट बोलायची हाय. भैरू, लेका, तूबी ऐक. आईनं तुला हे कवा सांगितलं न्हाई.

तुझे वडील दम्यानं गेले, असं आपण समद्यांना सांगतो. तेरा वर्सं झाली. मेंढरांची कातरणी चालली होती, लोकर उडत होती आन् मालकांची छाती भरली. आमच्यात छाती भरली की धुरी देत्यात. शेगडीत निखारे, वर ओवा, आन् माणसाच्या डोक्यावरून घोंगडी. दारं-खिडक्या बंद. माझ्या सासूनं केलं, मी केलं, ह्या आमच्या दगडावन्सं, मालकांच्या भैन, अजून गावभर करत्यात.

मालक घोंगडीतनं म्हणाले, "गिते, उघड." मी म्हणलं, "जरा कळ काढा, गुण येतोय." त्यांनी माझं मनगाट धरलं. मी घोंगडीची टोकं दाबून धरली. मग हात सैल पडला. मला वाटलं, आला गुण, डोळा लागला. मी बाहेर येऊन चहा ठेवला.

दोन कप ठेवला होता.

पाणी द्या जरा. न्हाई, बसत न्हाई मी.

दोन वर्सांमागं अक्षदाचं तसंच झालं. मी शेगडी पेटवली, घोंगडी काढली. तेवढ्यात ह्या ताई बाळांच्या डोसासाठी आळीत आल्या होत्या. पोरीचं खोकणं ऐकून आत शिरल्या, शेगडी उचलून अंगणात ठेवली आन् पोरीला तोंडानं ओढायचा दम्याचा पंप दिला. अर्ध्या तासात पोर "भूक लागली" म्हणाली.

मग ताई माझ्याशेजारी बसल्या. माझ्या कनवटीचा बटवा घेतला. म्हणाल्या, "आजी, ह्या दोऱ्या ओढल्या की तोंड मिटतं, ह्या दुसऱ्या ओढल्या की उघडतं. श्वासाच्या नळीलाबी तसंच हाय. भोवती मांसाचा पट्टा आन् त्याला नसा. आवळणारी नस दांडगी. धूर, लोकर, गार वारा लागला की ती पट्टा आवळती. उघडणारी नस माणसाला एकाच जातीची, तीबी नाजूक. कुत्र्यामांजराला आणखी एक असती, आपल्याला ती जवळजवळ न्हाईच. म्हणून पंप. तो पट्टा सैल करतो."

बघा, देवानं मांजराला दिली, माझ्या मालकाला न्हाई.

मी इचारलं, "मग धुरी?" ताईंनी अंगणातल्या शेगडीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "धुरीनं आवळणारी दोरी ओढली जाती, आजी." मी पुढं काय इचारलं न्हाई. त्यांनीबी मला इचारलं न्हाई. नुसता बटवा माझ्या हातात दिला आन् माझी मूठ मिटून धरली. ती दोरी मी माझ्या हातानं ओढली, भैरू.

वन्सं, आता तुम्हाला. रागवा, पण ऐका. तुमचा नातू रुद्र तुमच्या मांडीवर हाय आन् त्याची छाती वाजतीय, मी पायरीवरनं ऐकली. घरी शेगडी तयार हाय, हेबी मला ठावं हाय. काय म्हणता? पंपाची सवय लागती? भाकरीचीबी लागलीच की, सत्तर वर्सं झाली, सुटंना! ताई आज संध्याकाळपर्यंत आपल्या हायेत. भाषणं काय, होतील. आधी पोराला त्यांच्याकडं न्या. तुमच्या भावासाठी न्या.

…उठल्या. वाट द्या रे, वाट द्या त्यांना.

अध्यक्षसाहेब, सभा मोडली, माझ्यामुळं मोडली. पंचायतीनं हा मान मला दिला त्याचे उपकार. अडाण्याच्या तोंडून काय वंगाळ गेलं आसंल तर पोटात घाला. भैरू, तुझी माफी हितं मागत न्हाई, घरी मागीन.

ताई, पोराला तपासा तुम्ही, उठू नका. आमच्यात सत्काराला घोंगडी देत्यात. ही नवी हाय, हिला धुराचा वास न्हाई. मीच तिकडं येते. खांद्यावर घालते, डोक्यावरून न्हाई.