क्यातोच्या पुढचा उतार

हॅलो?… हॅलो, पाल्मो? बोल, बोल, ऐकू येतंय… क्यातो मागे टाकलंस? शाबास!… अगं फोन कानाला नको धरूस. समोर टेकवून ठेव आणि स्पीकर लाव. दोन्ही हात स्टिअरिंगवर… हं. आमा कशी आहे?

… धाप तशीच? बुतितमावशीला विचार, ओठ कसे दिसतायत… निळे… हं. बरं. काझाच्या दवाखान्यात पोचलात की लगेच ऑक्सिजन लावतील. बुतितला म्हणावं, तिला आडवी नको निजवूस, छातीशी टेकवून बसती धर.

मी कुठे जाणार? पायाला फळ्या बांधून शेगडीपाशी पडलोय. परवा छपरावरचा बर्फ काढायला चढलो नसतो तर आज मीच नसतो का आलो घेऊन… हो, हो… अगं ऐक ना, ते राहू दे. छोटा दांडा लो मध्येच आहे ना? चारही चाकं ओढतायत?… उतार लागला? मग पहिला गिअर. दुसरा नाही, पहिला! ब्रेकला पाय लावायचा नाही. क्लचलाही नाही. इंजिनच धरेल गाडीला. रडतंय तर रडू दे इंजिन.

… काय झालं?… पाल्मो!… मागचं टोक नदीकडे चाललंय? ब्रेक सोड! सोड म्हणतो ना! पाय काढ सगळ्यावरून. टोक जातंय त्याच बाजूला स्टिअरिंग… थोडंच… थोडंच गं, गरागरा नको…

हॅलो?… हॅलो?… पाल्मो, काहीतरी बोल…

… डोंगराला टेकली? कोन्चोक, देवा! मावशी ठीक? आमा?… बरं. उतर आणि चाकं बघ… मागच्या चाकाला गुंडाळलेली साखळी तुटली. लोंबते ती काढून आत टाक, नाहीतर पत्र्यात अडकेल… रुतलंय ना चाक? मग जागच्या जागी फिरवू नकोस, खालच्या बर्फाची काच होईल. फावडं काढ. चाकांपुढचं उकर, गाडीच्या पोटाखालचंही उकर. पोट टेकलेलं असलं की चाकांत जोरच राहत नाही. मग पोत्यातली राख टाक पुढे.

… बर्फ काढायचं मशीन? मशीन नाही येत, बाळ. शेजारच्या तोबगेने विचारलं होतं. पुढे रंगरिकच्या अलीकडे कडा कोसळलाय, मशीन पलीकडे राहिलं… हो. म्हणजे रस्ता बंदच आहे… मघाशीच कळलं मला… तुला सांगितलं असतं तर तू वळली असतीस! पलीकडून माणसं निघालीत, आमाला ढिगाऱ्यावरून उचलून नेतील म्हणाले… हेलिकॉप्टर कुठलं, वर बघ की, आभाळ गाडीच्या टपाला लागलंय. तू उकर. तोवर फोन आमाच्या कानाशी दे.

… झांगमो. ए झांगमो, मी आहे. बघितलंस आपल्या लेकीचं? माझ्या शेजारी बसलीस की आपल्या लोसरपासून काझापर्यंत शिव्या घालायचीस, मळमळतंय, हळू चालव, मारतोस का मला… आता गप्प कशी?… नको, नको, बोलू नकोस. श्वास घे नुसता… हो, गाईला गवत घातलं. मी नाही, तोबगेने… खरंच घातलं गं, खोटं कशाला बोलू?… घे श्वास. मी घेतोय बघ तुझ्याबरोबर… आणखी एक… आणखी…

कोण? पाल्मो? हो, बोल… बस आता आत. थोडी पुढे, थोडी मागे, झुलव तिला. पुढे… मागे… निघाली?… निघाली! अगं काय पोरगी आहेस तू! मला नसती जमली! आता अजिबात थांबू नकोस, त्याच चालीनं…

मागे कोण ओरडतंय?… बुतित? तिला काय झालं?… पाल्मो, तू पुढेच बघ. मागे वळायचं नाही. पाय काढ, आपोआप थांबू दे… थांबली? आता जा मागे. नाकाशी हात धर… मानेला लाव… पर्समधला आरसा धर. वाफ दिसते?… पुसून परत धर…

… हं.

… आहे. ऐकतोय.

… नाही, पाल्मो. आता काझाला कशाला?… डॉक्टर काय करणार?… अगं ऐक… ऐक ना माझं… हळू चालवलीस म्हणून? वेड्यासारखं बोलू नकोस! जोरात गेली असतीस तर तिघी नदीत असतात. हळू मी चालवायला लावली. रस्ता बंद आहे माहीत असून पुढे मी जाऊ दिलं. बोलायचं तर मला बोल. पण आज नको. आज गाडी वळव.

पुढे जागा आहे बघ, रुंद. तोंड दरीकडे कर, म्हणजे कड दिसत राहील. मागे घेशील ती डोंगराकडे… हं… परत… आणखी एकदा… वळली?… बरं केलंस.

… घरी नाही येता येणार. इकडे वाऱ्यानं तुझ्या चाकांच्या खुणासुद्धा बुजवल्या. क्यातोलाच थांब… परकं कसं? बुतितचं सासर आहे ते. कळवतो त्यांना मी… माझं काय? हा पाय घेऊन कसा येऊ मी? रस्ता कधी उघडेल कोणाला ठाऊक… लामा सांगतील तसं करा. माझ्यासाठी ठेवू नका तिला… हो, समजतंय मला काय बोलतोय ते.

… चढ आहे, एका दमात घे. मध्ये गिअर बदलू नकोस… हो, मी आहे फोनवर… आहे… नाही ठेवत…

पोचलीस? कोण आलंय बाहेर?… बुतितचे दीर? बरं. हँडब्रेक ओढू नकोस, रात्री गोठून बसेल, गिअरमध्येच ठेव. आणि रेडिएटरचं पाणी सोडायला… नको. नको, तू नको करूस. त्यांना सांग, ते करतील. गाडीचं काही बघू नकोस आता. आमाजवळ बस जा… तिच्या डोक्यावरचा रुमाल सरकला असेल, तो नीट कर. तिला नाही आवडत तसं.

… हो. जा. ठेवतो.